पान त्रेचाळीस, पान एकसष्ट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, व्यवसाय रंगभूमीवरील अभिनय आणि अधूनमधून पडद्यावरचा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, कोणी गोड बोलून गळ घातलेली नाही, आणि सकाळपासून चहाखेरीज पोटात काही गेलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या सहीचे दुसरे कोणी पुढे केलेच, तर ते खोटे समजावे आणि पुढे करणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे.

कारण असे की येत्या शनिवारी माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया आहे. स्वरयंत्रावर एक गाठ आली आहे. डॉक्टर म्हणाले, "अगदी साधं ऑपरेशन आहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "अगदी साधं." एकदाच म्हणाले असते तर मी हे लिहायला बसले नसते. जीव जाण्याची भीती नाही म्हणतात. आवाजाचे काय, असे विचारल्यावर ते फाइल चाळू लागले. शनिवारपर्यंत गरजेपुरतेच बोलायचे, अशी ताकीद आहे.

वकिलांनी छापील नमुना दिला आणि दोन गोष्टी बजावल्या. पहिली, जी वस्तू द्यायची तिचे वर्णन अचूक हवे. "नुसतं 'कपाट' लिहू नका. कुठलं, कुठे ठेवलेलं, आत काय आहे, सगळं लिहा. वर्णन ढिसाळ असलं की मागची माणसं भांडतात." दुसरी, दोन साक्षीदार हवेत, त्यांच्यासमोर सगळे वाचून दाखवावे, आणि साक्षीदाराच्या वाट्याला मृत्युपत्रातून काहीही येता कामा नये. आले तर तेवढे देणे रद्द होते.

"का?" मी विचारले.

"ज्याला फायदा आहे, त्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवणार?"

हा नियम मला इतका पटला की वकिलांवरचा माझा संशय थोडा कमी झाला. पूर्ण गेलेला नाही. नमुन्यात "मृत्युपत्र करणाऱ्या वकिलांना द्यावयाची भेटवस्तू" असे एक रिकामे कलम होते, ते मी गाळले आहे.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची. लिहिलेले पान मी फाडत नाही. मला अभिनय शिकवणाऱ्या मास्तरांची शिकवण आहे की चुकले तर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचे वाचता येईल. या कागदांवर तशा रेघा आढळल्या तर त्या माझ्याच आहेत.

कलम पहिले. माझे राहते घर, तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याच्या बाजूची गॅलरी, हे माझ्या धाकट्या भावाला मिळावे. भाऊ सज्जन आहे. तो कधी काही मागत नाही. त्याला काय हवे ते भावजयीच्या तोंडून कळते. गेल्या महिन्यात माझ्या तपासण्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात ती आली. बसली, चहा घेतला, आणि उठून बाहेरच्या खोलीतल्या खिडकीपाशी उभी राहिली.

"ताई, ही खिडकी किती फुटांची आहे हो?"

"का गं?"

"काही नाही, सहज."

सहज म्हणून कोणी पर्समध्ये मोजपट्टी घेऊन फिरत नाही. माझी तक्रार नाही, नोंद आहे. शिवाय प्रामाणिकपणे लिहायचे तर मीही आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या कपाटाची रुंदी डोळ्यांनी मोजली होती. मोजपट्टी नव्हती एवढेच.

कलम दुसरे. बँकेत जे काही शिल्लक निघेल ते सर्व माझ्या भाचीच्या शिक्षणासाठी. ती अभिनय शिकायचे म्हणते. तिला आमच्या वेळची तालीम सांगितली तर हसते. "आत्या, आता कोण एवढं जोरात बोलतं? माइक असतो ना." तिला अट घालत नाही, कारण अटी पाळल्या जात नाहीत आणि मग मेलेल्या माणसालाही उगाच राग येतो. फक्त इच्छा लिहिते. पहिली दोन वर्षे तिने माइक नसलेल्या ठिकाणी काढावीत.

कलम तिसरे. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींना मी काहीही ठेवलेले नाही. याचा वेगळा अर्थ काढू नये. त्या माझ्या साक्षीदार आहेत. सव्वीस वर्षे त्यांनी माझी उंची, कंबर आणि मनःस्थिती एका नजरेत ओळखली आहे. रंगपेटी आणि दिव्यांचा आरसा मी त्यांना आज सकाळीच हाताने देऊन टाकला. "मरायच्या आधीच?" त्यांनी विचारले. मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, "बरा आहे नियम. तुमच्यासारख्यानेच केला असणार."

कलम चौथे. पडद्याच्या कामातल्या दोन वस्तू आहेत. पहिली, माझ्या एकमेव चित्रपटातला चौकटीतला फोटो. तो कॅमेरामनला द्यावा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी कॅमेऱ्यापुढे गेले तेव्हा पहिल्याच दिवशी तो कॅमेऱ्यामागून बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पापणीसुद्धा शेवटच्या रांगेसाठी उघडता. मी इथे दोन हातांवर आहे." सगळे हसले. मला वाटले, दिग्दर्शकाने त्याला पढवले आहे. नंतर पडद्यावर पाहिले तेव्हा खरेच माझी पापणी दारासारखी उघडत होती. कमी करायला शिकण्यात मला जास्त करायला शिकण्याइतकीच वर्षे लागली. हे त्याला मी कधी सांगितले नाही.

दुसरी वस्तू, चार वर्षे चाललेल्या मालिकेसाठी पुरस्कार म्हणून मिळालेली पितळी बाहुली. ती निर्मात्याला परत करावी. त्याने मला "तुमच्याशिवाय मालिकाच नाही" असे सांगितले आणि पुढच्याच महिन्यात माझ्या पात्राला परगावी मुलीकडे पाठवले. तिथून मी दोनदा फोनवर बोलले. मग फोनही बंद झाला. मला कोणी काही सांगितले नाही. संहिता हातात घेतल्यावर हलकी लागली, तेव्हाच कळले. बाहुली त्याने कचेरीत फोनशेजारी ठेवावी.

कलम पाचवे. माझ्या तेवीस वह्या. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पाठीवर वर्षाचा आकडा. त्या भाचीला द्याव्यात, पण तिने वाचाव्यात असा आग्रह नाही.

वह्यांबद्दल थोडे सांगावे लागेल, नाहीतर पुढचे कलम कळणार नाही.

मी एकवीस वर्षांची असताना, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, मास्तरांकडे शिकायला गेले. त्यांची तालीम एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर चाले. खाली यंत्र सुरू झाले की फरशी थरथरायची. मास्तर मागच्या भिंतीला टेकून बसत. "ओरडू नका. यंत्र ओरडतंय तेवढं पुरे. तुम्ही बोला." सहा महिने आम्ही दहा जण एकच वाक्य बोलत होतो, "दार लावून घे." कोणाचेही मास्तरांपर्यंत पोचत नव्हते. एके दिवशी माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी ते वाक्य इतक्या हळू बोलली की मला वाटले हिने हार मानली. मास्तर भिंतीपासून उठले.

"कोण बोललं?"

"मी."

"काय केलंस?"

"काही नाही. तुम्हाला सांगितलं फक्त."

त्या दिवसापासून तिचे नाव कुजबुज. खरे नाव हजेरीतही कोणी घेत नसे.

मास्तरांचा दुसरा नियम असा की प्रयोग संपला की तोंडाचा रंग पुसण्याआधी वहीत आपली चूक लिहायची. "चूक लिहा. कारण लिहू नका. कारण लिहायला लागलात की चूक दुसऱ्याची होते." त्याप्रमाणे माझ्या वह्यांत प्रयोगागणिक एक-दोन ओळी आहेत. 'दुसऱ्या अंकात पाठ वळवताना घाई.' 'हसू लवकर आले.' 'कपाकडे पाहिले नाही.' अशा अकराशेच्या वर नोंदी.

कलम सहावे. बाहेरच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी, सुतळीने बांधलेली एका तीन अंकी नाटकाची प्रॉम्प्टरची प्रत आहे. ती वर उल्लेखलेल्या कुजबुज हिला द्यावी. याशिवाय मी तिला काहीही देत नाही. प्रत मिळाल्यावर तिला कळेल की मी विसरलेली नाही.

घटना अशी. शिकून सहा-सात वर्षे झाली होती. मी त्या नाटकात प्रमुख भूमिका करत होते आणि ती विंगेत प्रॉम्प्टर होती. मी अडले तर पुढचा शब्द देणे हे तिचे काम. एकोणीस वर्षांपूर्वी, एका दुपारच्या प्रयोगाला, तिसऱ्या रांगेत एक चित्रपट दिग्दर्शक बसणार होता. तो मला पाहायला येणार हे चौघांनाच माहीत होते: मास्तर, मी, मावशी आणि ती.

दुसऱ्या अंकात नवरा खिडकीशी उभा राहून म्हणतो, "आता खरं सांग." मी खोटे सांगायचे की मी आईकडे होते. मी माझे वाक्य बोलले. सहनट काही कारण नसताना खिडकी सोडून खुर्चीत जाऊन बसला. मी गोंधळले, पुढचे सुचेना. विंगेतून तिने शब्द दिला, "पत्र मी जाळलं." मी भाबडेपणाने तो म्हटला. म्हटल्यावर ध्यानात आले की ते तिसऱ्या अंकातले वाक्य होते. सगळ्या नाटकाचे रहस्य मी दुसऱ्या अंकात फोडले. मी तशीच उभी. मग तिने आणखी एक वाक्य दिले, जे नाटकात कुठेच नाही. तेही मी म्हटले, कारण बुडणारा माणूस काहीही धरतो. त्यानंतर सहनट उठून खिडकीशी गेला आणि प्रयोग कसाबसा पुढे सरकला. तो तिला सामील होता असा मला बरीच वर्षे संशय होता. अजूनही थोडा आहे.

पडदा पडताच मी विंगेत जाऊन तिच्या हातातून प्रत हिसकावली. प्रॉम्प्टर जिथे शब्द देतो तिथे समासात पेन्सिलीने खूण करतो, हे सगळ्यांना माहीत असते. मी पान त्रेचाळीस उघडले, जिथे हा प्रवेश आहे. एकही खूण नव्हती. म्हणजे तिने खूण लपवली. मी प्रत मिटून मास्तरांकडे गेले. "हिने मला मुद्दाम पाडलं. प्रत मी पाहिली आहे, खूण केलेली नाही."

मास्तर म्हणाले, "तू पाहिलीस ना? झालं तर."

तिला त्याच दिवशी काढले. नट पाडणारी प्रॉम्प्टर म्हणून तिचे नाव झाले आणि तिला पुन्हा कोणत्याही नाटकाने घेतले नाही. तो दिग्दर्शक परत फिरकला नाही. माझा चित्रपट आठ वर्षे लांबला.

तिने असे का केले, याचे उत्तर माझ्याकडे तयार होते. मुख्य भूमिका तिला हवी होती. तिला प्रॉम्प्टर करावे हे मास्तरांना मीच सुचवले होते, "हिची कुजबुज वाया जाते आहे" असे म्हणून. हे तिला कळले असणार. मी हे कौतुकाने म्हटले होते की तिला बाजूला सारायला, हा प्रश्न मी वहीत तीनदा लिहिला आहे. उत्तर एकदाही लिहिलेले नाही.

सोमवारी इथपर्यंत लिहिले. आज मंगळवार.

वरचे सहावे कलम मी वकिलांना फोनवर वाचून दाखवले. ते म्हणाले, "बाकीचं तुमचं तुम्ही बघा. पण वस्तूचं वर्णन अपुरं आहे. 'प्रत' म्हणजे किती पानांची? छापील की हाताने लिहिलेली? फाटलेली? आत काही खुणा, सह्या? उद्या कोणी दुसरंच बाड आणून दिलं तर?"

बरोबर होते. म्हणून मी ट्रंक उघडली. सुतळीची गाठ माझीच होती, ती सुटेना, कात्रीने कापली. वर्णन लिहून घेतले: टंकलिखित, एकूण शहात्तर पाने, कव्हर निळे, मागच्या पानावर चहाचा डाग. मग खुणा मोजायच्या म्हणून पान पहिल्यापासून उलटत गेले. गेल्या एकोणीस वर्षांत मी ही प्रत एकदाच उघडली होती, आणि तेव्हाही एकच पान पाहिले होते.

पान त्रेचाळीसवर खूण नाही. हे खरे आहे.

पान एकसष्टवर आहे. तिसरा अंक. तिथेही नवरा खिडकीशी उभा राहून तेच म्हणतो, "आता खरं सांग." तिथे माझे वाक्य आहे, "खरं हवंय? मग बसा." आणि नवरा खुर्चीत बसतो. त्याच्या पुढचे माझे वाक्य, "पत्र मी जाळलं." त्या वाक्यापाशी पेन्सिलीची खूण आहे. त्या प्रयोगाची तारीख आहे. आणि समासात तिच्या बारीक अक्षरात असे आहे:

"बाई इथे आली. मी मागोमाग. मग जोड दिला: 'असं म्हणाले, तर विश्वास बसेल तुमचा?' परत ४३ वर नेली."

सहनट उगाच बसला नव्हता. मी त्याला बसायला सांगितले होते. दुसऱ्या अंकात उभी राहून मी तिसऱ्या अंकातले वाक्य बोलले होते आणि मला पत्ता नव्हता. मास्तरांनी प्रॉम्प्टरला शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती, नट चुकला तर पुस्तकाशी बसू नको, नट जिथे गेला तिथे जा. ती आली. आणि कुठल्या पानावर नसलेले एक वाक्य जागच्या जागी रचून तिने माझी कबुली नवऱ्याला मारलेल्या टोमण्यात बदलली, म्हणजे रहस्य फुटलेच नाही. ज्याला मी एकोणीस वर्षे दुसरा घाव समजत होते, त्या वाक्यानेच प्रयोग वाचला होता.

माझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून मी लगेच उलटे तपासले. हे तिने मागाहून लिहिले असेल का? त्यासाठी तिला वेळ मिळायला हवा. मी ती वही काढली. त्या दिवशीची नोंद एक ओळीची नाही, चार पानांची आहे, आणि चारही पाने कारणांनी भरलेली आहेत. माझी चूक एकही नाही. त्यात मी लिहिले आहे, "पडदा पडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच प्रत तिच्या हातातून काढून घेतली, नाहीतर तिने खुणा केल्या असत्या." म्हणजे तिने मागाहून काही लिहिलेले नाही, याची साक्षीदार मीच आहे. त्यानंतर प्रत माझ्या ट्रंकेत, माझ्या गाठीत.

तिसऱ्या पानावर आणखी एक ओळ सापडली. "मास्तरांपुढे ती सारखी 'एकसष्ट बघा, एकसष्ट बघा' असं बरळत होती. घाबरली की माणसं काहीही बोलतात." माझ्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहिलेले. मी सगळे लिहून ठेवते, याचा मला अभिमान होता.

मास्तर नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यांना आता सांगता येत नाही.

तरी वरील सहावे कलम रद्द. त्यावर एक रेघ मारली आहे. खालचे वाचता यावे, विशेषतः तिला.

कलम सहावे, नव्याने. त्या दुपारच्या प्रयोगात चूक झाली ती माझी. कुजबुज हिने मला पाडले नाही, सावरले. मी मास्तरांना सांगितले ते पूर्ण खरे नव्हते. मी एकच पान पाहिले होते. या कलमाची नक्कल नाट्यगृहाच्या रंगपटात, सूचनाफलकावर लावावी. माझे राहते घर, ज्याचे वर्णन कलम पहिल्यात आहे, ते भावाऐवजी तिला द्यावे. ती एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करते, काचेआड बसून नटांच्या कानात त्यांची वाक्ये सांगते, आणि भाड्याच्या खोलीत राहते, असे ऐकून आहे. मालिकेच्या दिवसांत मी तिला एकदा त्या काचेतून पाहिले होते आणि दुसरी वेळ मागून घेतली होती.

पुन्हा वाचल्यावर शंका आली. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. म्हणजे माझी चूक कबूल होईल तेव्हा ऐकून घ्यायला मी नसेन, आणि ती काही बोलली तर मला ऐकावे लागणार नाही. सोय छान आहे. शिवाय मी शनिवारी मेले नाही आणि आवाज मात्र गेला, तर हे कलम बंद पाकिटात राहील आणि मी जिवंत, मुकी आणि मोकळी. असे काही घडावे म्हणूनच तर मी हे इथे लिहिले नाही ना?

बुधवारी मावशींना विचारले, तिचा पत्ता मिळेल का.

"पत्ता कशाला? दर महिन्याला येते ना माझ्याकडे."

"इतकी वर्षं? मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मावशींवरही आता माझा थोडा संशय आहे. पण साक्षीदार बदलत नाही.

पुरवणी. आज गुरुवार. ती दुपारी तीनला मावशींबरोबर आली. केस पांढरे झाले आहेत, चष्मा दोरीने गळ्यात. मी बोलायच्या आत म्हणाली, "बोलू नकोस. डॉक्टरांनी मना केलंय ना? मावशींनी सांगितलं. वाचायला दे."

टेबलापाशी बसून तिने पहिल्या ओळीपासून सगळे वाचले. मोजपट्टीपाशी हसली. रेघ मारलेल्या कलमाशी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचले. नव्या कलमाच्या शेवटी बोट ठेवून म्हणाली,

"दोन खोल्या?"

"आणि गॅलरी."

"एकोणीस वर्षांच्या दोन खोल्या. गच्ची नाही?"

मावशी हसल्या. मला हसता आले नाही. मी म्हटले, "तू परत का नाही आलीस? घरी येऊन प्रत का नाही मागितलीस?"

"आले होते. दोनदा. तू दार उघडलं नाहीस. आतून रेडिओ मोठा केलास."

हे वह्यांत नाही. मी शोधले. पण मला रेडिओ आठवतो.

"आणि तो तिसऱ्या रांगेतला," ती म्हणाली, "तुझा दिग्दर्शक. तो झोपला होता अगं. पहिल्या अंकापासून. मला विंगेतून सगळा दिसत होता, तोंड उघडं टाकून."

हे खरे की मला बरे वाटावे म्हणून, ते ठरवता आलेले नाही. मावशींकडे पाहिले, त्या एका झग्याला गुंडी लावत होत्या.

मग ती म्हणाली, "दुसरा साक्षीदार कोण आहे तुझा?"

"शेजारचे पोस्टातले काका. सहाला येतील."

"त्यांना कशाला त्रास? मी करते सही."

"तू सही केलीस तर घर जाईल तुझं. नियम आहे."

"वाचलं. वरच लिहिलंयस तू."

"मग?"

"मग काय? घर घेतलं तर लोक म्हणतील, घरासाठी हिने बाईकडून लिहून घेतलं. तू तरी नाही म्हणणार? दोन महिन्यांत म्हणशील. फायदा असलेल्याच्या सहीवर विश्वास ठेवत नाहीत, असंच आहे ना?" तिने पेन उचलले. "मला खोल्या नकोत. सही पाहिजे. त्या दुपारी विंगेत मी होते. साक्षीदार मीच."

यामागे तिचा मोठेपणा आहे, की मला जन्मभर ओशाळे ठेवण्याचा बेत, याचा मी विचार केला. दोन्ही असू शकते. दोन्हींचा तिला हक्क आहे.

तेव्हा नव्या सहाव्या कलमातला घराचा भाग रद्द. तिथेही एक रेघ मारली आहे. घर कलम पहिल्याप्रमाणे भावाकडे जाईल. भावजयीने पडदे शिवायला टाकावेत. कबुली आणि फलकावरची नक्कल कायम, आणि मी मरायची वाट न पाहता उद्या सकाळी मावशी ती लावतील. "कोण वाचणार आता? तेव्हाची सगळी घरी बसली," ती म्हणाली. पण नको म्हणाली नाही. प्रत तिने मृत्युपत्रातून घेतली नाही, हातातून घेतली. "माझीच आहे," म्हणाली, आणि पिशवीत ठेवली.

त्यानंतर वकिलांच्या सूचनेप्रमाणे मी हे सर्व दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. ही गरज आहे असे मी ठरवले. डॉक्टरांनी रागवायचे असल्यास शनिवारी रागवावे. पहिली पाच कलमे नीट झाली. नव्या सहाव्या कलमाशी "त्या दुपारच्या प्रयोगात चूक झाली ती" इथपर्यंत आले आणि आवाज बसला. गाठीमुळे की कशामुळे, सांगता येत नाही. कागद हातात होता आणि मला अक्षर दिसत नव्हते. डाव्या बाजूने, अगदी हळू, तिने पुढचा शब्द दिला.

मी आधी कागदाजवळ डोळे नेऊन पाहिले. बरोबर होता. मग मी तो म्हटला.

त्या शब्दापाशी समासात पेन्सिलीची एक खूण आणि आजची तारीख दिसेल. ती खाडाखोड नाही. तिथे शब्द दिला गेला, एवढाच तिचा अर्थ आहे. ती पुसू नये.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि या वेळी सगळी पाने पाहिली.

लिहून ठेवणारी: (सही) नटी

साक्षीदार पहिली: (सही) कपडेपटाच्या मावशी. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. तिला दोनदा पाणी दिले.

साक्षीदार दुसरी: (सही) कुजबुज, प्रॉम्प्टर. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. शब्द एकदाच द्यावा लागला.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: बावीस, गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच